पाटीला घंटा हवी काय?

हातात धरून वाचता येते, बोटाने अक्षर मोठे करता येते, पत्र धाडता येते आणि काम झाले की झब्ब्याच्या खिशात टाकता येते, अशी जी काचेची लहानशी पाटी हल्ली घरोघर दिसते तिला आपण इंग्रजी शब्दाने ‘टॅबलेट’ म्हणतो. निपाणीच्या आमच्या थोरल्या आत्याला हा शब्द पसंत नाही. तिच्या लेखी टॅबलेट म्हणजे रक्तदाबाची गोळी, आणि तसल्या दोन तिला रोज घ्याव्या लागतात. ती या यंत्राला सरळ पाटी म्हणते. मलाही तोच शब्द बरा वाटतो, म्हणून इथे तोच चालवतो. आता या पाटीने टेलिफोनचेही काम करावे की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा आहे. पण आमच्या घरात त्यावरून दोन महिने खल झाला. त्या निमित्ताने ज्या गोष्टी ध्यानात आल्या त्या कोल्हापूर, कागल, निपाणी, बेळगाव या वाटेवर ज्यांचे सोयरेसंबंध आहेत अशा वाचकांना ओळखीच्या वाटतील.

दुकानात एकाच पाटीचे दोन प्रकार मांडलेले असतात. एक केवळ वाय-फायवर चालणारी. दुसरीच्या कडेला सिमकार्डाची बारीक फट असते आणि तिची किंमत काही हजारांनी जास्त असते. त्यातही एक पोटभेद आहे, तो आपण विचारल्याखेरीज दुकानदार सांगत नाही: काही पाट्या सिमवरून नुसते इंटरनेट घेतात, तर काही साक्षात फोनसारख्या वाजतात आणि बोलतात. ‘थोडे जास्त पडतील, पण फोनचा फोन होईल,’ असे तो म्हणाला की आपला काटकसरी जीव विरघळतो. छत्री घेतली तर तिचा काठीसारखाही उपयोग झाला पाहिजे, ही आपली जुनी वृत्ती!

वाद मात्र नवा नाही. २००५ साली नोकिया कंपनीने ‘७७०’ नावाचे एक यंत्र काढले. चार इंचांहून जरासा मोठा पडदा, खिशात मावणारे, आणि त्याला नाव दिले ‘इंटरनेट टॅबलेट’. गंमत अशी, की त्या वेळी जगात सर्वांत जास्त फोन विकणाऱ्या या कंपनीने त्यात फोन मात्र घातला नाही. घराबाहेर इंटरनेट हवे असेल तर दुसऱ्या खिशातल्या फोनशी बिनतारी सूत जुळवून ते घ्यायचे. २००७ साली पुढचे दोन नमुने आले, तेही मुकेच. एका माणसाने दोन खिसे का अडवावेत, हा प्रश्न तेव्हापासूनचा. अखेर २००९ साली ‘एन ९००’ आला आणि त्यात फोन बसला. अॅपलचा ‘आयपॉड टच’ २००७ पासून फोनविना चालला होता. २०२२ साली त्याचाही खेळ संपला. खिशातल्या पाटीला फोनाने गिळले ते असे. फोनच वाढत वाढत पाटीएवढा झाला.

आपल्याकडे २०१० च्या अखेरीस सॅमसंगची सात इंची पाटी आली, ती बोलणारी होती. अमेरिकेतल्या कंपन्यांनी विकलेल्या त्याच पाटीत बोलण्याची सोय नव्हती. इथे ठेवली, कारण फोनचा फोन होत नसेल तर आपण घेतो कशाला? एक गृहस्थ बसस्थानकावर ती कानाला लावून बोलताना मी पाहिले होते. पोळपाट कानाला लावावा तसे ते दिसत होते. पुढल्या वर्षी, ५ ऑक्टोबर २०११ रोजी, दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ पाटी निघाली. सरकारला ती सव्वादोन हजार रुपयांच्या घरात पडली आणि विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्तात द्यायची होती. तिला सिम नव्हते, नुसते वाय-फाय. पडद्यावर बोट जोराने दाबल्याशिवाय तिला काही उमगत नसे. ती चालली नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. तिच्याच धर्तीची, सिम चालणारी पाटी त्या कंपनीने तीन हजारांच्या आत बाजारात आणली, म्हणजे तिथेही फोन मागच्या दाराने आत आलाच.

इथवरची हकीकत कोणत्याही गावची आहे. आमच्या सीमेवर मात्र फोन या वस्तूचा एक निराळाच गुण लोकांच्या अनुभवाला आला. फोनला नंबर असतो, आणि नंबराला राज्य असते.

आमचे घर कोल्हापूरचे. माझी थोरली आत्या निपाणीला दिली, धाकटी बेळगावला. एकाच रस्त्यावरची ही तीन गावे. कोल्हापूरहून निपाणी चाळीसएक किलोमीटर, आणि तिथून बेळगाव पाऊणशेच्या आसपास. आजोबांच्या काळी कागल संस्थानच्या हद्दीत होते आणि निपाणी खालसात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही रेघ पुसली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जवळजवळ त्याच ठिकाणी ती पुन्हा उमटली, या वेळी अधिक ठळक. मध्ये सात वर्षे आठ महिने ही तिन्ही गावे एका राज्यात नांदली. तो मोठा इतिहास इथे काढत नाही. आपल्या वाचकांच्या घराघरांतून तो बसलेला आहे. पण दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीच्या बाजूला गेले की खिशातला फोन थरथरे आणि ‘कर्नाटकात आपले स्वागत असो’ असा निरोप पडद्यावर उमटे, तेव्हा आमच्या वडिलांच्या तोंडून निघणारे शब्द मला छापता येणार नाहीत.

मोबाइल कंपन्यांना परवाने देताना सरकारने देशाचे बावीस भाग पाडले, त्यांना सर्कल म्हणतात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, कर्नाटक निराळे. जुन्या तारांच्या फोनची वाटणी याहून वेगळी होती. बेळगावचा आकडा ०८३१, आणि लगेच पुढचा ०८३२ गोव्याचा. म्हणजे तारेच्या हिशेबाने गोवा बेळगावचा शेजारी, आणि मोबाइलच्या हिशेबाने तो कोल्हापूरच्या घरातला. फोनला हे कोण समजावणार? त्याला जो मनोरा जवळचा वाटेल त्याच्याशी तो बोलतो. निपाणीच्या कडेलाच अर्जुननगर आहे. तिथले देवचंद महाविद्यालय गावकऱ्यांच्या दृष्टीने निपाणीचेच, पण ते कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. निपाणीची मुले घरून चालत तिथे जातात आणि रोज राज्य ओलांडतात. आत्याच्या घरी माझा फोन परसात महाराष्ट्राचा असे आणि ओसरीवर आला की कर्नाटकाचा होई. आत्या म्हणायची, ‘अरे, बोलायचं असेल तर परसात जा, तुळशीपाशी. तिथं स्वस्त पडतं.’

ही थट्टा नव्हती. ‘रोमिंग’ या शब्दाची किंमत सीमेवरच्या माणसाने रोज मोजली आहे. येणाऱ्या कॉललाही मिनिटाला पावणेदोन रुपयांपर्यंत आकार घेण्याची मुभा कंपन्यांना होती. १ जुलै २०१३ पासून ती मर्यादा पंचाहत्तर पैशांवर आली आणि १ मे २०१५ पासून पंचेचाळीस पैशांवर. मुंबईचा माणूस वर्षातून एकदा तिरुपतीला जाई तेव्हा त्याला हे पैसे पडत. आमच्या लोकांना ते भाजी आणायला गेले तरी पडत. पलीकडच्या नंबरला आधी शून्य लावायचे, अलीकडच्याला नाही. म्हणून एकाच बहिणीचे दोन नंबर वहीत दोन तऱ्हांनी लिहिलेले. दोन सिमांचे फोन निघाले तेव्हा निपाणीच्या वखारींतून ते हातोहात खपले, यात नवल काय? एक खण महाराष्ट्राचा, एक कर्नाटकाचा.

आणि सर्वांत वाईट म्हणजे लग्न होऊन पलीकडे गेलेल्या मुलींचे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर झाली, पण ती सर्कलच्या आतल्या आत. कागलची मुलगी निपाणीत दिली तर तिला रोमिंग सोसायचे नसेल तर माहेरचा नंबर टाकून सासरी नवा घ्यावा लागे. आडनाव बदलते, कुठे कुठे नावही बदलते, त्यात ही तिसरी भर. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीने माहेरचे सिम सांभाळून ठेवले होते आणि महिन्यातून एकदा ते फोनमध्ये घालून ती जुने निरोप पाहत असे. ३ जुलै २०१५ पासून नंबर देशात कुठेही नेता येऊ लागला, तेव्हा ही अडचण संपली. त्या तारखेचा उत्सव कोणी केला नाही. सीमाभागातल्या सुनांनी करायला हरकत नव्हती.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली आणि बोलणेही इंटरनेटच्याच वाटेने जाऊ लागले. लवकरच रोमिंगचा आकारही गेला. आज कोगनोळीला स्वागताचा निरोप आला तरी कोणी दचकत नाही. मग कोणी म्हणेल, आता तक्रार कसली? आता पाटीत फोन घाला की खुशाल!

माझ्या आतेभावाचे म्हणणे नेमके हेच होते. तो पुण्याला असतो. आई निपाणीत एकटी, वय त्र्याऐंशी, डोळ्यांनी बारीक अक्षर दिसत नाही. तिला वाचायचा नाद जबर. लग्नाआधी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराची आणि पुढे बेळगावला बहिणीकडे गेली की तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तके तिने घरी आणून वाचली. पहिली संस्था १८५० सालची आणि दुसरी १८४८ ची, तेव्हा ही काही कालपरवाची हौस नव्हे. पाटीवर अक्षर हवे तेवढे मोठे होते. वाईचा मराठी विश्वकोश तिच्यावर फुकट वाचता येतो. मोल्सवर्थसाहेबाचा १८५७ सालचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवले आहेत. हे सगळे खिशात! तेव्हा पाटी घ्यायची, यावर दुमत नव्हते. पण ‘बोलणारीच घेऊ, म्हणजे तिचा तो बटणांचा जुना फोन टाकून देता येईल, एकच वस्तू सांभाळावी लागेल,’ असा त्याचा आग्रह.

मला हे पटेना. नंबर आता राज्याला बांधलेला नसला तरी माणसाला अधिकच घट्ट बांधला गेला आहे. बँकेचा गुप्त आकडा त्या नंबरावर येतो, आधार त्याला जोडलेले असते, गॅसची टाकी त्यावरून नोंदवायची. एवढ्या किल्ल्यांचा जुडगा ज्याला अडकवला आहे तो नंबर पाटीत ठेवावा काय? पाटी ही घरात हातोहात फिरणारी वस्तू आहे. शेजारची पोर गोष्ट बघायला मागते, मोलकरणीच्या मुलाला गणित पाहायचे असते, एखादा पाहुणा सामन्याचा आकडा पाहतो. जिला असे कोणाच्याही हाती देता येत नाही ती पाटी नव्हे. फोन माणसाचा असतो. पाटी घराची असावी, पंचांगासारखी, खुंटीला अडकवलेली.

हे मला २०२० साली आत्याच्या गल्लीत फार स्पष्ट दिसले. शाळा बंद होत्या आणि धडे फोनवर येत. समोरच्या घरात दोन मुले आणि फोन एक, तोही बापाचा. बाप सकाळी आठला वखारीत जाई, फोन त्याच्याबरोबर जाई आणि त्या फोनबरोबर शाळाही जाई. रात्री तो घरी आला, जेवला, की मुलांची शाळा भरायची. धाकटी तोवर पेंगायला लागलेली असे. तिथे जर एखादी न बोलणारी पाटी असती तर बापाने ती नेली नसती, कारण वखारीत तिचा उपयोग नाही. जी वस्तू बोलते ती बाहेर जाते, जी बोलत नाही ती घरी राहते.

यावर आतेभावाने मला बिनतोड प्रश्न केला: त्या घरात वाय-फाय कुठे होते? नव्हते. नुसत्या वाय-फायची पाटी तिथे काचेचा तुकडा होऊन पडली असती. ‘आकाश’ पाटी ज्या घरांसाठी काढली त्यांपैकी कितींकडे वाय-फाय होते, हा प्रश्न २०११ सालीही विचारण्यासारखा होता. म्हणून माझे मत मी जरा नेमके करून मांडतो. पाटीला सिमची फट असावी, इंटरनेटसाठी. घंटा नसावी.

त्याने दुसरा मुद्दा काढला तो याहून जड. रात्री पाय घसरून पडली तर? वाय-फायच्या पाटीवरून ११२ फिरवता येत नाही, फोनवरून येतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी फोन असलाच पाहिजे, यात मी काय वाद घालणार? पण तो फोन कोणता असावा? पाटीची बॅटरी वाचून, पाहून संध्याकाळपर्यंत उतरते. बटणांचा फोन एकदा भरला की कित्येक दिवस चालतो, अंधारात चाचपून त्याची बटणे लागतात, हातातून पडला तर उचलून पुन्हा लावता येतो. अडीअडचणीचे साधन करमणुकीच्या साधनात घालून ठेवले तर नेमक्या वेळी ते करमणुकीने दमलेले असते. मात्र ज्यांना एकच वस्तू घेणे परवडते त्यांनी फोनच घ्यावा. त्यांच्यापुढे हा वाद घालणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे.

हा खल चालू असता आत्या शेंगा सोलत बसली होती. तिला वाटत होते ते तिने नंतर सांगितले. ती म्हणाली, ‘तुम्ही दोघं पैशाचं आणि बॅटरीचं बोलालाय. मला वाचताना कोणी हाक मारलेली चालत नाही. सासूबाई होत्या तोवर एक पान सलग वाचून झालं नाही. आता कोणी हाक मारणारं उरलं नाही, तर तुम्ही पुस्तकालाच तोंड फोडताय होय?’

तिच्या या बोलण्यापुढे आम्ही दोघेही गप्प झालो. आमच्या लहानपणी फोन वखारवाल्या शेजाऱ्याकडे असे आणि आपल्या नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहिलेले असे. कोल्हापूरहून ट्रंक कॉल लावायचा, घाई असेल तर ‘अर्जंट’चा दर भरायचा, मग शेजारचा पोरगा आत्याला बोलवायला धावायचा. तेव्हा फोन आला म्हणजे कोणाचे तरी बरेवाईट झाले, असेच वाटे. त्या पिढीच्या छातीत घंटेची धडकी अजून आहे. त्यात हल्ली पोलिसाचा वेष करून चित्रासह बोलणारे भामटे म्हाताऱ्या माणसांना ‘डिजिटल अटक’ म्हणून घाबरवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीच आकाशवाणीवरून याबद्दल सावध केले होते. असा माणूस कानात बोलला तर निदान फोन आपटता तरी येतो. सात-आठ इंचांच्या काचेवर तो डोळे वटारून समोर उभा राहिला तर त्र्याऐंशी वर्षांच्या बाईने काय करावे?

घंटा आता केवळ सिमवाटेच येते असेही नाही, हे मान्य केले पाहिजे. व्हॉट्सअॅप पाटीवर घातले की तीही वाजू लागते. म्हणून घेताना सिमची फट असलेली, पण फोनसारखी न बोलणारी पाटी घेतली आणि तिच्यात नुसत्या इंटरनेटचे निराळे सिम घातले. बँकेचा नंबर बटणांच्या फोनात राहिला. व्हॉट्सअॅप घातले, पण त्याचा आवाज बंद. रविवारी सकाळी दहा वाजता आत्या स्वतः तो चालू करते, पुण्याचा नातू पडद्यावर येतो, अकराला ती पुन्हा बंद करते. मधल्या दिवशी नातवाला काही सांगायचे असले तर तो लिहून ठेवतो. त्याची मराठी त्यामुळे सुधारली आहे, ही एक न मागता मिळालेली गोष्ट.

दोन वस्तू निराळ्या असण्याचा एक उपयोग आम्हा कोणालाच सुचला नव्हता. बेळगावच्या धाकट्या आत्याला वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवायचा नाद आहे. टिळकवाडीतून दुपारी तिचा फोन येतो, अडलेला शब्द घेऊन. थोरली आत्या बटणांचा फोन कान आणि खांदा यांच्या मध्ये धरते, पाटी मांडीवर घेते आणि दाते-कर्व्यांत शोधू लागते. एकाच यंत्रात दोन्ही असते तर कानाला लावलेले पुस्तक तिला वाचता आले नसते. शोधायला तिला वेळ लागतो, चष्मा दोनदा पुसावा लागतो. कधी शब्द सापडतो, कधी त्याच्या शेजारचा दुसराच शब्द आवडून ती तोच वाचून दाखवत बसते. धाकटी तोवर फोन धरून थांबते. मिनिटांचा हिशेब आता दोघींपैकी कोणी करत नाही.